पोते किती मावतीन?

"कोणती गाडी घेतली?" या प्रश्नाचं उत्तर "पांढरी" असं असू शकतं, यावर माझा बरीच वर्षं विश्वास नव्हता. मग आमच्याच घरातल्या एका अतिशय हुशार, चार बुकं जास्त शिकलेल्या माणसाने मला हे उत्तर दिलं. मी आशेने विचारलं, "अरे, पण मॉडेल कोणतं?" तर तो म्हणाला, "चार दारांचं." विषय संपला. नातेवाईक मंडळींना तो कोण हे कळलं असेलच, बाकीच्यांनी चौकशा करू नयेत.

मला गाड्यांचं वेड आहे हे इथे नेहमी येणाऱ्यांना सांगायला नको. फियाट पद्मिनीचा स्टिअरिंगला चिकटलेला गिअर, ॲम्बेसिडरचं ते भारदस्त हेलकावणं, मारुती ८०० च्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाची गुणगुण... डोळे मिटून नुसत्या आवाजावरून मी गाडी ओळखू शकतो. आणि अख्खं आयुष्य गाडीत बसून काढूनही तिच्या बॉनेटखाली काय आहे याचं ज्याला काडीचं कुतूहल नाही, असा माणूस दिसला की मला कळेनासं होतं. अरे, तुझ्या पायाखाली दर मिनिटाला हजारो स्फोट होताहेत, आणि तू शेंगदाणे खातोयस?

हे कोडं सगळ्यात जास्त मला पडलं ते गुरुकुंज मोझरीला. नागपूर-अमरावती महामार्गावरचं हे गाव, अमरावतीहून साधारण पस्तीस किलोमीटर. एका अंगाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम, समोर महासमाधी, आणि मधून देशातल्या मोठ्या रस्त्यांपैकी एक. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आता त्याला ५३ म्हणतात. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून थेट कोलकात्याच्या बाजूला जाणारा. आमचं आजोळ याच भागातलं. लहानपणी सुट्टीत मी त्या रस्त्याच्या कडेला बसून तासन् तास ट्रक मोजायचो. माझ्याशेजारी बसलेली तिथली पोरं आणि म्हातारी माणसं मात्र रस्त्याकडे पाठ करून बसायची! नाटकाला जाऊन रंगमंचाकडे पाठ करून बसावं तसं.

पुष्कळ दिवस मी समजत होतो की ही निव्वळ अनास्था. पुढे वाचत गेलो, विचारत गेलो, आणि लक्षात आलं की या पन्नास-शंभर मैलांच्या टापूत गाडीकडे पाठ फिरवण्याला एक चांगला भरगच्च इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

तर आधी शब्दापासून. मराठीत 'गाडी' म्हणजे मुळात बैलगाडी. मग रेल्वे आली, ती आगगाडी झाली, आणि 'गाडी चुकली' याचा अर्थ बदलला. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात, त्यामुळे 'गाडी' हा शब्द इथे जरा लवकरच मोकळा झाला असावा, असा आपला माझा अंदाज. जीआयपीची रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याआधी वऱ्हाडातला कापूस कसा जायचा? बैलाच्या पाठीवर लादून. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये अमरावतीच्या माहितीत एक नोंद आहे: गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत, म्हणजे सुमारे ५०० मैल, कापूस बैलांवरून जायचा, आणि १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांचं ओझं या वाटेने रवाना केलं. एक लाख! मला हा आकडा वाचून पहिल्यांदा ट्रॅफिक जॅमच डोळ्यांपुढे आला, काय करणार. पण सांगायचं हे की वाहन म्हटलं की 'किती वाहतं' हा प्रश्न आधी येणं, हे इथल्या मातीत फार जुनं आहे.

आता १९०८ कडे येऊ. त्या वर्षी तिकडे डेट्रॉइटला हेन्री फोर्डने मॉडेल टी बाजारात आणली. पुढच्या एकोणीस वर्षांत या एका गाडीचे दीड कोटी नग निघाले आणि जग चाकांवर आलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' लिहिलं. त्यात रेल्वेपासून सगळ्या यंत्रांची जी हजेरी घेतली आहे ती गाडीप्रेमी माणसाने बसूनच वाचावी. (ती हजेरी वाफेच्या बोटीवर बसून घेतली, हे मी हळूच नोंदवतो.) आणि त्याच १९०९ च्या एप्रिलमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला माणिक नावाचा मुलगा जन्मला. हाच पुढे तुकडोजी महाराज. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मान्य. पण मोझरीच्या रस्त्यावर उभं राहिलं की तिन्ही दिसतात, म्हणून सांगितलं.

गांधीजी वर्ध्याला आले, आणि ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याहून शेगावला राहायला गेले ते चालत. हे शेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. त्यांना वर्ध्यात आणणारे जमनालाल बजाज हे मोठे व्यापारी, त्यांच्याकडे मोटार होती. फोर्डच. पण तिथल्या त्या कच्च्या वाटा, त्यात ती जुनी झालेली. मग एक भन्नाट प्रकार घडला. त्या फोर्डला पुढे बैल जुंपले! इंजिनाचं काम बैलांनी करायचं आणि आतल्या माणसांनी मोटारीच्या गादीवर बसायचं. या वाहनाचं नाव पडलं 'ऑक्स-फोर्ड'. विद्यापीठाच्या नावावर केलेला असा विनोद मोटारीच्या इतिहासात दुसरा नसेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्धा मिनिट हसलो आणि मग अर्धा तास हळहळलो. फोर्डचं इंजिन! बिचारं!

पण खुद्द फोर्डला ही गोष्ट सांगितली असती तर त्याला वाईट वाटलं असतं का, याची मला शंका आहे. कारण १९४१ साली त्याने गांधीजींना कौतुकाचं पत्र पाठवलं. उत्तरादाखल गांधीजींनी आपण वापरलेला एक चरखा त्यावर सही करून पाठवला. तो अर्ध्या जगाचा प्रवास करून त्याच वर्षाच्या डिसेंबरात फोर्डला पोचला, आणि फोर्डने तो जपून ठेवला. म्हणजे बघा, ज्या माणसाने जगाला गाडीचं वेड लावलं त्याला चरख्याचं अप्रूप! आणि आम्ही त्याच्या गाडीचे भक्त, आम्हाला चरखा दाखवला तर आधी बेअरिंग कोणतं आहे ते बघणार.

गांधीजी मोटारीत बसत नव्हते असं मात्र नाही. १९३३-३४ चा हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू झाला, तो बराचसा रेल्वे आणि मोटारीनेच चालला होता. मग ओरिसात त्यांनी मध्येच वाहन सोडलं आणि पुढे पायी निघाले. असल्या दौऱ्यात घाई हीच अडचण आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. हा धागा पुढे विनोबांनी उचलला आणि पार टोकाला नेला.

मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनाला निघाले, पायी. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं. त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगाशी चर्चा करायला दिल्लीला बोलावलं. स्वतंत्र देशाचा पंतप्रधान बोलावतोय, चर्चा पंचवार्षिक योजनेची आहे, आणि हे गृहस्थ सप्टेंबरात पवनारहून चालत निघाले ते नोव्हेंबरात दिल्लीला पोचले. दोन महिने! मी या प्रसंगाकडे नेहमी नियोजन आयोगाच्या बाजूने बघतो. पुढे तेरा वर्षं हा माणूस चालत राहिला आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये पवनारला परतला. लाखो एकर जमीन लोकांनी त्यांच्या पदरात टाकली. आपले तुकडोजी महाराजही भूदानात उतरले होते, विदर्भात त्यांनी त्यासाठी गावं जागवली.

मला विनोबांचं चालणं आधी हट्टाचं वाटायचं. मग एकदा मनाशी हिशेब मांडून बघितला. मी १०० च्या वेगाने मोझरीवरून जातो तेव्हा गाव अर्ध्या मिनिटात मागे पडतं. अर्ध्या मिनिटात कोणाकडे काय मागणार? फार तर पाण्याची बाटली. जमीन मागायची तर माणसाच्या ओसरीवर बसावं लागतं, त्याच्याकडे जेवावं लागतं, तो नाही म्हणाला तर रात्रीचा मुक्कामही तिथेच करावा लागतो. चालणं हा विनोबांच्या कामाचा भाग होता. आता यातला खरा मजेचा (आणि मला टोचणारा) भाग पुढे आहे. १९६५ पासून बिहारमध्ये त्यांनी 'तूफान यात्रा' काढली, ग्रामदानासाठी, आणि ती मोटारीने. वेग वाढला, आकडे धडाधड वाढले. पण त्या झंझावातात जाहीर झालेली पुष्कळशी ग्रामदानं कागदावरच राहिली. दोष एकट्या मोटारीचा होता असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही; भूदानातली पायी मिळवलेली जमीनही बरीच वाटली गेली नाहीच. पण हा पुरावा माझ्या पक्षाला सोयीचा नाही, हे खरं.

गाडगेबाबांचं तर काय सांगायचं. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा हा माणूस. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि आयुष्यभर पायपीट. मोठमोठ्या धर्मशाळा बांधल्या, स्वतः झोपले बाहेर. आणि २० डिसेंबर १९५६ ला त्यांचं जाणं झालं ते मोटारीत, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर. आजही परतवाड्याच्या रस्त्याने जाताना तो पूल आला की माझ्या पायाखालचा वेग आपोआप कमी होतो. ज्याने हजारो मैल पायाखाली घातले, त्याचा शेवटचा प्रवास गाडीचा होता, आणि तोही पुरा झाला नाही.

या सगळ्या मंडळींत माझ्या बाजूचा म्हणावा असा एकच सापडला. बाबा आमटे! हिंगणघाटला जमीनदाराच्या घरात १९१४ साली जन्म. तरुणपणी त्यांच्याकडे 'सिंगर' कंपनीची स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या गाद्यांवर वाघरू... म्हणजे बिबट्याचं कातडं. इंग्रजी सिनेमांची परीक्षणं लिहायचे, ग्रेटा गार्बोशी पत्रव्यवहार. हे वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. चला, एक तरी आपला! पण हा आनंद दोन पानंच टिकला. १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं ते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर. सिंगर कुठल्या कुठे गेली. पुढे १९८५ मध्ये 'भारत जोडो' निघालं, कन्याकुमारीपासून, तर तरुण पोरं सायकलवर आणि पाठीच्या कण्याने दगा दिलेले बाबा गाडीत आडवे. बिबट्याच्या कातड्यापासून त्या गाडीतल्या पलंगापर्यंत... बसणाऱ्या माणसाच्या आयुष्यात गाडीचं काय काय होतं, याचा इतका मोठा पल्ला मी दुसरा वाचलेला नाही.

आणि उलट्या दिशेने जाणारंही एक घर आहेच की. तेच, ऑक्स-फोर्डवालं! जमनालालजींनी शेवटचं वर्ष गोसेवेला वाहिलं, १९४२ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्याच घराण्याने १९४५ मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली, तिने पुढे दुचाक्या-तिचाक्या आयात करायला सुरुवात केली, आणि तिचंच बजाज ऑटो झालं. १९७२ मध्ये चेतक आली. स्कूटरसाठी नंबर लावून दहा-दहा वर्षं वाट बघणारी पिढी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. जिथे मोटारीला बैल जुंपले त्या दारातून अख्ख्या मध्यमवर्गाची स्कूटर निघाली. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बंद केली आणि २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर चालणारी, म्हणजे आवाजच नाही. आवाजावरून गाडी ओळखणाऱ्या माझ्यासारख्याने आता करायचं काय, हा वेगळा विषय आहे. असो.

इथवर वाचून असं वाटेल की वऱ्हाडातल्या माणसाला गाडीचं कौतुक नाही कारण तो संतांचा, साधी राहणी वगैरे. आपल्याकडे अशी वाक्यं फार लोकप्रिय आहेत आणि ती मला साफ नामंजूर आहेत. ज्याच्याकडे गाडी घ्यायला पैसेच नव्हते त्याला विरक्त म्हणायचं, हा शहरातल्या माणसाचा लबाड उद्योग आहे. एका पावसावर कपाशीचं वर्ष अवलंबून असलेला माणूस गाडीच्या सीसीची चर्चा करत नाही यात वैराग्य कसलं? त्याच्या घरातली बाईमाणसं गाडी म्हणजे काय समजतात ते विचारावं. आमच्या मामी सांगतात, गाडी म्हणजे एसटी, आणि ती आली नाही तर काळी-पिवळी. बाळंतपणाला तालुक्याला जायचं तर रस्त्यावर उभं राहून वाट बघायची ती गाडी. तिचं कौतुक नसतं, तिची काळजी असते. आणि घरासमोरून रात्रंदिवस ट्रक धावतात त्या बाईला महामार्ग म्हणजे 'पोरगं पलीकडे गेलंय, अजून आलं नाही' एवढाच असतो.

मग मामांकडे येऊ. आमचे थोरले मामा मोझरीपासून जवळच्याच एका खेड्यात राहतात. काही वर्षांपूर्वी मी नवीकोरी गाडी घेऊन मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. अंगणात लावली, बॉनेट उघडलं, सगळे दिवे लावून दाखवले. मामा शांतपणे एक फेरी मारून आले, मागचं दार उघडायला लावलं, आत डोकावले आणि म्हणाले,

"पोते किती मावतीन?"

मी म्हटलं, "मामा, ही पोती न्यायची गाडी नाही."

"मंग कायले घेतली?"

मी सगळं सांगितलं. पिक-अप, टॉर्क, ब्रेक. मामांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुले ओळखते का हे?"

मला वाटलं हीच संधी! मी खिशातली किल्ली दाखवून म्हटलं, "बघा, ही नुसती खिशात असली आणि मी जवळ गेलो की दार आपोआप उघडतं."

मामा म्हणाले, "म्हंजे किल्लीले ओळखते."

एवढं बोलून ते चहा घ्यायला आत गेले.

त्या संध्याकाळी, नाइलाज म्हणून, मी त्यांच्या बैलांचा विषय काढला. आणि मंडळी, समोर एक वेगळाच माणूस बसला होता. दोन तास! अदात गोऱ्हा घ्यावा की दोनदाती, चारदातीत काय बघायचं, जुळलेल्या बैलाला किती मोल द्यावं. खुराचा रंग, वशिंडाचा उभार, शिंगांची ठेवण, कपाळावरचा भोवरा. वर्धा नदीपलीकडच्या आर्वीकडच्या गवळाऊ बैलाचं अंग हलकं आणि चाल झपझप का, आणि म्हणून तो बंडीला कसा आणि नांगराला कसा. (गवळाऊ ही जात भोसल्यांच्या काळात फौजेच्या जलद वाहतुकीसाठी नावाजलेली होती. म्हणजे त्या काळचं स्पोर्ट्स मॉडेलच.) एका बाजारात त्यांनी बैल पाहिला नव्हता, नुसत्या मागून येणाऱ्या पावलांच्या आवाजावरून सांगितलं होतं की उजवा पाय आखडतोय. आवाजावरून! मी अंगावर काटा येऊन ऐकत होतो. हे तर मीच बोलतोय!

त्यांची शेवटची जोडी विकून बरीच वर्षं झाली. चारा परवडेना, गडी मिळेना, ट्रॅक्टर भाड्याने मिळायला लागला. विकली त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मामी म्हणाल्या. मामा काही बोलले नाहीत. भिंतीला घुंगरमाळ टांगलेली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, लोणी-हळद लावायला खांदे नाहीत म्हणून ते शेजाऱ्याच्या गोठ्यात जातात.

याच वेडाचं सार्वजनिक रूप म्हणजे शंकरपट. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्या विदर्भात नावाजलेला. दोन बैल, मागे लहानशी गाडी, तिच्यावर धुरकरी, आणि सेकंदाच्या अपूर्णांकावर ठरणारा निकाल. जोडीची नावं, कोणी कोणत्या साली किती सेकंदात धाव घेतली, हे सगळं तोंडपाठ असणारी माणसं तिथे भेटतात. मी फॉर्म्युला वनच्या शर्यतींचे निकाल पाठ म्हणतो तेव्हा घरचे माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने यांच्या घरचे यांच्याकडे बघत असणार! मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. बैलाला मारणं, छळणं यावरचे आक्षेप खोटे नव्हते, आणि आताच्या अटी असायलाच हव्यात असं माझं मत आहे. पण त्या सात-साडेसात वर्षांत या भागातल्या अनेकांनी पटाची जोडी ठेवणंच सोडलं. शर्यत नाही तर जोडी कशाला पोसायची? शेतातलं काम तर केव्हाच गेलं होतं.

म्हणजे मोझरीच्या रस्त्याकडे पाठ करून बसलेली जी म्हातारी माणसं मी लहानपणी बघितली, त्यांचं तोंड कशाकडे होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तोंड गोठ्यांकडे, वावराकडे होतं. त्यांना मी ट्रकचे नंबर सांगायचो आणि ते 'हो बाप्पा' म्हणायचे.

त्या रस्त्याचं पुढे बरंच काही झालं. चौपदरी झाला. जून २०२२ मध्ये याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात नाव लागलं. मी ती बातमी तीनदा वाचली. मामांना फोन करून सांगितली, तर ते म्हणाले, "पाह्यजो, खड्डे पडायले किती तास लागते."

या रस्त्यावर वर्षातून एकदा जे घडतं ते मात्र मला गाडीवाला म्हणून कायम हलवून जातं. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. अश्विन वद्य पंचमी होती. दर वर्षी पुण्यतिथीला, बरोबर त्या मिनिटाला, गुरुकुंजात लाखो माणसं मौन उभी राहतात. महामार्गावरची वाहतूकही त्या वेळी थांबते. एकदा मी त्या रांगेत सापडलो. पुढे एक लांबलचक ट्रेलर, मागे खासगी बस. ड्रायव्हरांनी एकेक करून इंजिनं बंद केली. मी पण केलं. आधी डिझेलचा घरघराट गेला, मग पंख्यांचा आवाज, मग कुठल्या तरी गाडीतलं गाणं. तापलेलं लोखंड निवताना टिक टिक वाजतं ना, तेवढंच काय ते ऐकू येत होतं. त्या रस्त्यावर तेवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. शेजारच्या ट्रकचा सरदारजी खाली उतरून हात जोडून उभा होता. त्याला आत कोण आहे हे माहीत असेल-नसेल.

मोझरीच्याच तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथून पंढरपूरला पालखी जाते ती १५९४ पासून, असं सांगतात. आजही पायीच. वाटेत किती हायवे लागतात! पण "गाडीने आठ-दहा तासांत पोचाल" असं त्या लोकांना सांगून बघा. मी एकदा सांगितलं होतं. एका आजीबाईंनी मला फार मायेने विचारलं, "पोचून काय करू लेकरा, एवढ्या लवकर?"

आता तर समृद्धी महामार्ग झाला. ७०१ किलोमीटर, नागपूर-शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पाही. तो अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वेच्या बाजूने जातो. कारला १२० ची मुभा. मी त्यावर गाडी घातली तेव्हा मला काय वाटलं हे लिहायला बसलो तर तुम्ही पळून जाल. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, तिचाकीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी. म्हणजे आजूबाजूच्या गावांत घरटी जे वाहन आहे त्यातलं बहुतेक त्यावर चालत नाही. त्यांच्यासाठी खालून बोगदे काढलेत. वर मी सुसाट, खाली बंडी आणि गुरं.

यंदा हिवाळ्यात तळेगावच्या पटाला जायचं ठरवलंय. मामाही यायला तयार झालेत, माझ्या गाडीतून. फक्त फोनवर एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली.

"गाडी लांब उभी करजो बाप्पा. बैल बुजतेत."